उगवतीकडे तोंड करून सातारा : नवशिक्या छायाचित्रकाराचे एक प्रकरण

सातारा शहरातील एका माध्यमिक शाळेला आपल्या वार्षिक अंकाच्या मुखपृष्ठासाठी उगवत्या सूर्यासह शहराचे छायाचित्र हवे होते आणि ते काढण्याची जबाबदारी शाळेतील एका तरुण शिक्षिकेने आपणहून अंगावर घेतली होती. भावाने वापरून दिलेला डीएसएलआर कॅमेरा आणि त्यासोबतची १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स एवढीच त्यांची सामग्री होती. अनुभव म्हणावा तर स्नेहसंमेलन आणि घरातील समारंभ यांपुरता, तोही बहुतेक ऑटो मोडवरचा. डिसेंबरमध्ये यवतेश्वर घाटातून काढलेले फोटो घेऊन त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांचे गाऱ्हाणे एका वाक्यात मावत होते : “सर, सूर्य नीट आला की गाव काळं पडतं, आणि गाव दिसायला लागलं की आभाळ पांढरंफटक होतं.” सूर्यासमोर कॅमेरा धरणारा जवळजवळ प्रत्येक नवशिका याच दोन टोकांमध्ये अडकतो, म्हणून हे प्रकरण तपशिलाने नोंदवण्याजोगे आहे.

जागेची माहिती आधी द्यायला हवी, कारण निम्मे उत्तर तिच्यात आहे. सातारा अजिंक्यतारा किल्ल्याच्या उत्तर पायथ्याशी वसले आहे. छत्रपती शाहू महाराजांचा राज्याभिषेक १७०८ मध्ये येथे झाला आणि पुढे पेठा वाढत गेल्या, तरी वर किल्ला आणि खाली शहर ही मांडणी आजही तशीच आहे. समर्थ मंदिराकडून कासच्या दिशेने यवतेश्वरचा घाट चढू लागले की शहर पूर्वेला खाली पसरलेले दिसते, उजव्या हाताला आग्नेयेकडे अजिंक्यतारा आणि त्यावरचा दूरदर्शनचा मनोरा उठून दिसतो, आणि हवा स्वच्छ असेल तर शहरापलीकडे जरंडेश्वराचा डोंगरही नजरेत येतो. म्हणजे सकाळी या घाटातून शहराकडे तोंड केलेला माणूस सूर्याकडेच तोंड करून उभा असतो.

अजिंक्यताऱ्याच्या उतारावरील ‘चार भिंती’ नावाच्या स्मारकाजवळून फोटो काढावा, हा सल्ला त्यांना अनेकांनी दिला होता. तेथून शहर उत्तरेला दिसते, हिवाळ्यात सूर्य उजव्या खांद्यामागे राहतो आणि घरांच्या भिंतींवर सरळ उजेड पडतो. नवशिक्यासाठी ती जागा निर्धोक आहे, यात वाद नाही. पण त्या फोटोत सूर्य येणार नाही आणि पायाखालचा किल्लाही येणार नाही. सूर्य, किल्ला आणि शहर एका चौकटीत हवे असतील तर घाटाला पर्याय नव्हता. अडचण टाळण्याऐवजी ती समजून घ्यायची, असे आम्ही ठरवले.

पहिले फोटो

प्रत्येक फाइलमध्ये कॅमेऱ्याने स्वतःच नोंद करून ठेवलेली असते. ती उघडून दोन फोटो शेजारीशेजारी ठेवले. पहिल्यात सूर्य चौकटीच्या मध्याजवळ होता आणि नोंद होती आयएसओ १०० (प्रकाश टिपणाऱ्या सेन्सरची संवेदनशीलता), एफ/११ (लेन्सचे छिद्र, म्हणजे अपर्चर; आकडा लहान तितके छिद्र मोठे), १/५०० सेकंद (शटर उघडे राहण्याचा वेळ). दुसऱ्यासाठी त्यांनी कॅमेरा खाली घरांकडे झुकवून शटरचे बटण अर्धे दाबले, मोजमाप पक्के केले आणि मग चौकट पुन्हा वर घेतली. तेथे आयएसओ तोच, पण एफ/५.६ आणि १/१२५ सेकंद. अपर्चरमध्ये दोन स्टॉप आणि शटरमध्ये दोन स्टॉप असा चार स्टॉपचा फरक झाला. प्रत्येक स्टॉपला प्रकाश दुप्पट होतो, म्हणून दुसऱ्या फोटोत सेन्सरवर पहिल्याच्या १६ पट प्रकाश पडला होता. तरीही दोन्ही वेळा कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर शून्यावरच, म्हणजे ‘उजेड बरोबर’ या खुणेवरच होता. शिक्षिकेला सर्वांत जास्त बुचकळ्यात टाकणारी गोष्ट हीच होती, आणि त्यांचा प्रश्न रास्त होता : मीटर बरोबर दाखवत असेल, तर दोन्ही फोटो बिघडले कसे?

मीटरला किल्ला, कौल किंवा आभाळ यांतले काहीच ओळखता येत नाही. त्याच्यापर्यंत पोहोचणारा उजेड मध्यम करड्या छटेवर आणून ठेवणे एवढेच त्याचे काम. चौकटीत सूर्य असला की मोजलेला उजेड प्रचंड भरतो, मीटर सगळेच दाबतो आणि घरे काळी पडतात. घरांवर मोजमाप केले की तो घरांना मध्यम छटेवर आणतो आणि त्यांच्यापेक्षा कितीतरी उजळ असलेले आकाश सेन्सरच्या क्षमतेबाहेर निघून जाते. दोन्ही वेळा मीटरने नेमून दिलेले काम चोख केले. काय मोजायचे, हे ठरवणे मात्र त्याच्यावर सोपवलेले होते.

दुसरी गोष्ट अनेकांच्या ध्यानात येत नाही. घाटातून सकाळी दिसणारी घरांची बाजू ही पश्चिमेकडची, म्हणजे सावलीतली बाजू असते. सूर्य घरांच्या पाठीमागे असतो आणि आपल्याकडच्या भिंतींना फक्त आकाशाचा विखुरलेला उजेड मिळतो. त्या भिंती काळ्या दिसतात यात कॅमेऱ्याचा दोष नाही; त्या खरोखरच अंधारात असतात. आपले डोळे आकाशावरून घरांवर फिरताना दर वेळी जुळवून घेतात आणि मेंदू दोन्हींचे मिळून एक चित्र बनवतो, म्हणून घाटात उभे असताना सगळेच दिसल्यासारखे वाटते. सेन्सरला मात्र एकाच क्षणी एकाच मापाने सगळे घ्यावे लागते.

दुधाळपणा

या दोन टोकांखेरीज बऱ्याच फोटोंत तिसरा दोष होता, आणि माझ्या मते तोच जास्त शिकवणारा होता. गाव काळे नव्हते, आभाळही पूर्ण पांढरे नव्हते, पण सगळ्या चित्रावर दुधाळ पडदा पसरला होता आणि सूर्याच्या विरुद्ध बाजूला हिरवट-जांभळ्या चकत्यांची एक तिरकी रांग उमटली होती. चकत्यांचे कारण लेन्समध्येच होते. तीव्र उजेड लेन्सच्या आतील काचांवर पुन्हा पुन्हा परावर्तित झाला की फ्लेअर तयार होतो, आणि काच जितकी जास्त तितक्या परावर्तनाच्या जागा जास्त. किट लेन्सवर संरक्षणासाठी म्हणून एक स्वस्त यूव्ही फिल्टर बसवलेला होता. त्याच्या काचेवर अंगठ्याचा अर्धवट ठसा होता. खोलीतल्या उजेडात तो दिसतही नव्हता, पण मोबाइलचा टॉर्च बाजूने तिरपा धरताच त्याची रेघ न् रेघ उजळली. सूर्य समोर असताना हा ठसा संपूर्ण चित्रभर उजेड पसरवतो. फिल्टर काढून ठेवला आणि लेन्सची काच मऊ कापडाने पुसली, तेवढ्यानेच पुढच्या फोटोंतल्या चकत्या निम्म्यावर आल्या.

पण पडदा पुरता गेला नाही, कारण तो बराचसा हवेतच होता. हिवाळ्याच्या सकाळी जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार असते, त्यामुळे खालची हवा वर जात नाही आणि डोंगरांनी वेढलेल्या खोलगट भागात धूर व धूळ साचून राहतात. साताऱ्यात पाणी तापवणाऱ्या बंबांचा धूर, शेकोट्या, रस्त्यांवरची धूळ आणि थोडे धुके यांचा थर पेठांवर घरांच्या उंचीपर्यंत उतरलेला दिसतो. हे कण आकाराने असे असतात की त्यांच्यावर पडलेला उजेड मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतो. सूर्य आपल्या पाठीशी असेल तर तो विखुरलेला उजेड आपल्यापासून दूर जातो आणि हवा स्वच्छ भासते. सूर्य समोर असेल तर तोच उजेड थेट आपल्याकडे येतो आणि तीच हवा पांढरी दिसते. त्यामुळे चार भिंतींजवळून ज्या सकाळी शहर लख्ख दिसते, त्याच सकाळी घाटातून ते दुधात बुडाल्यासारखे दिसू शकते.

येथे एका गैरसमजाची दखल घ्यावी लागेल. धूसरपणा घालवण्यासाठी पोलरायझर, म्हणजे एकाच दिशेने कंपणारा उजेड आत सोडणारा फिल्टर घ्या, असे शिक्षिकेला कोणीतरी सुचवले होते आणि त्या तो विकत घेण्याच्या बेतात होत्या. पोलरायझरचा आकाशावरचा परिणाम सूर्यापासून ९० अंशांच्या आसपास सर्वाधिक असतो. सूर्याच्या दिशेने पाहताना तो जवळजवळ काहीच करत नाही, उलट आणखी एक काच मध्ये येते आणि दीड-दोन स्टॉप उजेड जातो. या कामासाठी ते पैसे वाया गेले असते.

मात्र या धूसरपणाचा शत्रूसारखा विचार करू नये, असे मला मनापासून वाटते. प्रकाशाविरुद्धच्या चित्रात खोली येते ती त्याच्यामुळेच. जवळचा उतार गडद, त्यामागची पेठ जराशी फिकट, त्यापलीकडचा डोंगर अजून फिकट, अशा छटांच्या पायऱ्या तयार होतात आणि सपाट कागदावर अंतर दिसू लागते. बंबाचा जो धूर इतर वेळी नजरेतही भरत नाही, तो मागून उजेड आला की छपरावर उभ्या सोनेरी रेघेसारखा दिसतो. पत्र्याच्या कडा, विजेच्या तारा आणि गच्चीवर वाळत घातलेले कपडे यांना उजळ किनार येते. सूर्य पाठीशी असताना यांतले काहीच मिळत नाही. प्रश्न फक्त एवढाच असतो की धूसरपणा डोंगरांवर असावा, काचेवर नसावा.

काय सोडायचे

यानंतर आम्ही कॅमेरा बाजूला ठेवला आणि मुखपृष्ठाविषयी बोललो. चित्रात काय असलेच पाहिजे आणि काय गेले तरी चालेल, याचे उत्तर शटर दाबण्याआधी तयार असेल, तर एक्सपोजर, म्हणजे सेन्सरवर किती उजेड पाडायचा ते, निवडणे फार सोपे होते. सूर्याच्या बिंबातील तपशील कोणत्याही परिस्थितीत मिळणार नव्हता, तो सोडला. पश्चिमेकडच्या भिंती, त्यांचे रंग, खिडक्या, हेही सोडले. राखायचे होते ते अजिंक्यताऱ्याची बाह्यरेषा आणि मनोरा, कारण त्यावरून सातारकर गाव क्षणात ओळखतो. छपरांच्या उजळ कडा आणि धूर. आणि आकाशातला रंग, कारण अंकाचे नाव तेथेच छापायचे होते आणि पांढऱ्याफटक आकाशात ते अधांतरी लटकल्यासारखे दिसले असते.

शिक्षिकेचा एक आग्रह होता की भिंतीही दिसाव्यात, निदान थोड्या. कमी-जास्त एक्सपोजरचे तीन फोटो काढून ते एकत्र जोडण्याची सोय त्यांना ठाऊक होती. तसे करता येते आणि बरेच मोबाइल आपसूकच करतात. माझा विरोध तांत्रिक नव्हता, जरी हलणारा धूर आणि पाने जोडणीत दुहेरी उमटतात ही अडचण असतेच. मुख्य मुद्दा असा की सावलीतली भिंत आकाशाइतकीच उजळ झाली, तर पाहणाऱ्याला उजेड कुठून येतो आहे हे कळेनासे होते; सूर्य चौकटीत असूनही त्याचा ताप आणि दिशा चित्रातून निघून जाते. अंधार राहू दिला तरच उजेड उजेडासारखा दिसतो. त्यांनी पटवून घेतले, पण दोन्ही प्रकारे फोटो काढून स्वतः पाहीन, असेही स्पष्ट सांगितले, आणि ते योग्यच होते.

दुसरा निर्णय सूर्याला चौकटीत नेमके कोठे ठेवायचे याचा होता. साताऱ्याच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १७.७ अंश उत्तरेस, डिसेंबरअखेरीस सूर्य पूर्वेपासून साधारण २४ ते २५ अंश दक्षिणेकडे उगवतो आणि वर चढताना आणखी उजवीकडे, दक्षिणेकडे सरकत जातो. घाटातून पाहता त्या बाजूला अजिंक्यतारा आहे. याच दिवसांत योग्य वळणावर उभे राहिले तर सूर्य किल्ल्याच्या खांद्याशी आणता येतो, आणि बिंबाचा बराचसा भाग कड्यामागे दडला की चौकटीतला सर्वांत झगझगीत भाग नाहीसा होऊन बाकीचा फरक सेन्सरच्या आवाक्यात येतो. फेब्रुवारी संपता संपता सूर्य डावीकडे शहरावर सरकतो आणि ही संधी जाते.

यातले गणित छोटे पण उपयोगी आहे. आकाशात सूर्याचे बिंब जेमतेम अर्ध्या अंशाचे असते. किल्ला उभ्या जागेपासून सुमारे तीन किलोमीटरवर धरला, तर त्या अंतरावर अर्धा अंश म्हणजे साधारण २६ मीटर. म्हणून रस्त्याच्या कडेने आडवे तितकेच चालले तर सूर्य किल्ल्याच्या कडेच्या संदर्भात एका बिंबाएवढा सरकतो. आणि सूर्य स्वतः आपल्या बिंबाएवढे अंतर सुमारे दोन मिनिटांत कापतो. “म्हणजे सूर्य निसटला तर मीच चालायचं?” असे त्यांनी विचारले आणि उत्तर होकारार्थीच होते. आपल्याकडे सूर्य बराच सरळ वर चढतो, तासाला साधारण १३ ते १४ अंश, त्यामुळे क्षितिजापासून सहा अंशांपर्यंतचा मऊ, पिवळा उजेड २५ मिनिटांच्या आसपास टिकतो. उत्तरेकडच्या देशांत लिहिलेल्या पुस्तकांतला सोनेरी प्रकाशाचा तास येथे तासभर पुरत नाही.

घाटातील काम

प्रत्यक्ष काम या तयारीनंतर कमीच उरले. सूर्योदयाच्या अर्धा तास आधी, कासकडे जाणाऱ्या गाड्यांच्या वाटेतून बाजूला, कठड्याच्या आत सुरक्षित जागा धरली. फाइल जेपेगऐवजी रॉमध्ये, म्हणजे सेन्सरची कच्ची नोंद जशीच्या तशी ठेवणाऱ्या स्वरूपात, घ्यायची ठरली, कारण ८ बिटच्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, तर १४ बिटच्या रॉमध्ये १६,३८४. काळोखातून छपरे वर काढताना हा फरक पणाला लागतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) ऑटोवरून काढून डेलाइटवर ठेवला, नाहीतर कॅमेरा सकाळचा पिवळेपणा दोष समजून धुऊन काढतो. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीतून, सूर्याकडे पाहायचे नाही, हा नियम मी कडक ठेवला. लेन्स उजेड एकवटते आणि डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. चौकट मागच्या पडद्यावर जुळवायची आणि फोटो झाला की लेन्स सूर्यावरून हटवायची.

एक्सपोजरची रीत अशी ठेवली. स्पॉट मीटरिंग (चौकटीतला एक लहानसा ठिपकाच मोजण्याची पद्धत) लावून सूर्यापासून बाजूला, हात लांब करून एक वीतभर अंतरावरचे आकाश मोजायचे. मीटर त्याला मध्यम करडे करू पाहतो, पण सकाळचे आकाश त्याहून उजळ असते, म्हणून मोजमापापेक्षा एक स्टॉप जास्त उजेड द्यायचा. ते आकडे मॅन्युअल मोडवर कायम करायचे, जेणेकरून सूर्य कड्याआडून डोकावला तरी कॅमेरा घाबरून सगळे दाबणार नाही. नंतर पडद्यावर हायलाइटचा, म्हणजे पांढरे पडून तपशील गमावलेल्या भागाचा, इशारा पाहायचा : सूर्याभोवतीचा लहान भाग लुकलुकला तर हरकत नाही, पण लुकलुक अंकाच्या नावाच्या जागेपर्यंत पसरली तर एक तृतीयांश स्टॉपच्या एकेका टप्प्याने शटरचा वेग वाढवत न्यायचा. काळोखातला तपशील रॉमधून बराचसा परत मिळतो, गेलेला पांढरा भाग मुळीच परत येत नाही. म्हणून चूक करायचीच झाली तर गडद बाजूला करावी.

ऑटोफोकस समोरच्या झगमगाटात पुढे-मागे भटकत राहिला. किल्ल्याच्या गडद कडेवर, जेथे ती आकाशाला भिडते, फोकस लागला. तेथे तो पक्का करून मॅन्युअलवर टाकला. अपर्चर एफ/८ ठेवले. एफ/१६ला सूर्याभोवती किरणांचा तारा चांगला उमटतो, हे खरे. पण या आकाराच्या सेन्सरवर तेवढ्या लहान छिद्रातून उजेड पसरून छपरांच्या बारीक रेषा मऊ पडतात, आणि आमच्या चित्रात ताऱ्यापेक्षा त्या रेषा महत्त्वाच्या होत्या.

किट लेन्ससोबत हूड, म्हणजे बाजूचा उजेड अडवणारी कड, आला नव्हता. सूर्य कड्याच्या वर आला, पण चौकट झुकवल्याने तिच्या किंचित बाहेर होता, तेव्हा त्यांनी डाव्या हाताचा तळवा लेन्सच्या वर, चौकटीच्या किंचित बाहेर धरला आणि पडद्यावरचा पांढरा पडदा बाजूला झालेला त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी दिसला. तळव्याची सावली काचेच्या वरच्या कडेला आली की मनोऱ्याच्या काड्या मोजता येतील इतक्या स्पष्ट होत, हात सरकला की विरघळत. फ्लेअर समजावून सांगायला माझ्याजवळ याहून चांगले साधन नाही. सूर्य पुरता चौकटीत आला की मात्र हाताचा उपयोग संपतो.

निष्पत्ती

निवडलेला फोटो आयएसओ १००, एफ/८ आणि १/२५० सेकंदाचा, २४ मिलिमीटर फोकल लेंग्थचा आहे. सूर्य किल्ल्याच्या डाव्या खांद्यामागे जवळजवळ लपलेला आहे, मनोरा स्वच्छ काळा उभा आहे आणि खाली पेठांवर धुराच्या तीन-चार उभ्या रेघा आहेत. तीन फोटो जोडून केलेले चित्र त्यांनी शेजारी ठेवून पाहिले आणि ते आपणहून बाजूला सारले.

छपाईची बाजू थोडक्यात सांगतो. पडद्यावर समाधानकारक वाटणारा गडदपणा कागदावर आणखी गडद होतो, कारण पडदा स्वतः उजळलेला असतो आणि ऑफसेट छपाईत शाईचा ठिपका कागदावर थोडा पसरतो. म्हणून छापखान्याला द्यायच्या फाइलमध्ये फक्त काळोखाचा भाग थोडा वर उचलला आणि एक नमुना काढून घेतला. पहिल्या नमुन्यात जवळचा उतार आणि पहिली छपरे एकजीव झाली होती. आणखी किंचित उचलल्यावर कडा सुटल्या.

एक गोष्ट साधली नाही. शहराचा पूर्वेकडचा भाग, पोवई नाका आणि त्यापलीकडचे, धूसरपणात इतका विरला आहे की तेथे इमारती आहेत हे सांगावे लागते. कॉन्ट्रास्ट वाढवून तो ओढून काढण्याचा प्रयत्न केला, तर आकाशाच्या छटांमध्ये पट्टे दिसू लागले, म्हणून सोडून दिला. तो भाग दिसण्यासाठी धुतलेली हवा लागते, म्हणजे पावसाळा सरल्यानंतरचा ऑक्टोबर. पण ऑक्टोबरच्या मध्यावर सूर्य पूर्वेच्या जेमतेम आठ-नऊ अंश दक्षिणेला, किल्ल्यापासून दूर, थेट शहरावर उगवतो आणि त्याला लपवायला कडा उरत नाही. त्या चौकटीसाठी बिंब पूर्ण वर येण्याआधीचीच वेळ साधावी लागेल, आणि तेव्हा छपरांच्या उजळ कडा मिळणार नाहीत. शिक्षिकेने ती सकाळ आपल्या वहीत पुढच्या अंकासाठी टिपून ठेवली आहे.